रंधा

रफसंजानच्या पलीकडे, पिस्त्याच्या बागांच्या कडेला
आमच्या गावात बोअरचा लोखंडी पाइप
जमिनीतून वर येतो आहे.
पोरं म्हणतात, वाढतोय.
मी लहान होते तेव्हा माझ्या गुडघ्याला होता,
आता बाबांच्या छातीला लागतो.

मी केरमानला, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीत कूलर, त्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला रुमाल.
दर बारा दिवसांनी वरून एक रडार जातं
त्याच वाटेनं, त्याच उंचीवरून,
आणि जमिनीला विचारतं:
मागच्या वेळी होतीस तिथंच आहेस ना?
उत्तर रंगांत येतं.
पिवळ्यात निळं, निळ्यात जांभळं, वळ्यात वळं,
आडव्या कापलेल्या कांद्यासारखं.
एक वळं म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर, खाली.
मी वळी मोजते. पगार त्याचाच.

आणखी वर दोन उपग्रह, एकामागं एक,
न दिसणाऱ्या दोराला बांधल्यासारखे.
खाली भार असला की पुढचा जरासा ओढला जातो,
दोघांतलं अंतर वाढतं, केसाहून बारीक.
आमच्यावरून जाताना
तो दरवर्षी थोडा कमी ओढला जातो.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात
संशय आला की.
आमचा संशय उलटा आहे.

बाबा मुकन्नी. भुयारी पाट खणणारे.
पांढरे कपडे घालून विवरात उतरायचे,
वर नाहीच आलं तर कफनाचा वेगळा खर्च नको.
माती बोटांत चुरून, हुंगून सांगायचे,
पाणी अजून किती हात.
चुकले तर एखादा हात.
त्यांचा शेवटचा पाट मी शाळेत असतानाच आटला.
दोर अजून खुंटीला आहे.

काल फोन केला.
म्हटलं, बाबा, गाव वर्षात एकतीस सेंटिमीटर खचलं.
ते म्हणाले, तरीच.
मागचं दार अडकतंय. तीनदा रंधा मारला.
गोलअंदाम मावशीचंही अडकतंय, हमामाचंही.
मला वाटलं, लाकूड फुगलं.
मग स्वतःशीच हसले:
फुगायला लाकडाला पाणी कुठलं?

थोड्या वेळानं म्हणाले,
तुझ्या त्या वरच्यांना दिसतं का,
खाली उरलंय किती?

नाही बाबा. गेलं किती, तेवढंच.

मग नुसती खरखर.
मला वाटलं, लाइन गेली.
हॅलो, हॅलो करत राहिले.
बऱ्याच वेळानं उमगलं,
फोन कुठंतरी ठेवून
ते दाराला लागले होते.