वजनकाटा

अडतीस ग्रॅम. सदतीस. एक्केचाळीस.
हे आतल्या रानातले,
चार तास चालल्यावर सापळ्यात भेटलेले.
मग डांबरी रस्त्याकडेचे:
त्रेपन्न. एकोणसाठ.
एक तर बासष्ट, मुठीत मावता मावेना.

मादाम वुलाना वहीत लिहितात, मी पिशवी धरतो.
कापडी पिशवी, तिला दोरी, दोरीला काटा,
आणि आत आमचा त्सिदी,
उंदराएवढा लेमूर,
अंगापेक्षा डोळेच जास्त.
"तब्येत उत्तम," त्या म्हणाल्या, आणि पेन थांबलं.
"इतकी उत्तम कशानं, झाफिसुआ?"

मी दोरीची गाठ सोडवत राहिलो.

अकरा वर्षं मी ह्याच वळणावर उभा होतो.
साडेसहाला गाड्या यायच्या. पाहुणे उतरायचे,
कपाळांना दिवे बांधलेले.
त्याआधी पाच मिनिटं
मी पिकलं केळं फांदीला चोळून ठेवायचो,
दुखऱ्या पोटरीला तेल चोळावं तसं, हळूहळू.
रान वेळेवर हजर व्हायचं.
बक्षिसी मिळायची.
तिच्यात मिरानाची शाळा झाली, छपराला पत्रा आला,
आणि खोटं कशाला बोलू,
भातासाठी डोंगराचा उतार जाळायला
मी पुन्हा काडी पेटवली नाही.
हा आकडा आहे का कुणाच्या वहीत?

आतल्या झाडांवर बांडगूळ आहे.
फुकट्याला लोक ज्या नावानं हिणवतात, तेच.
त्याची चिकट फळं त्सिदी खातो,
बी दुसऱ्या फांदीला पुसतो,
पुढच्या पावसात तिथं दोन पानं.
रस्त्याकडेला ह्या वर्षी फळं पिकली,
काळी पडली, गळली.
कुणी आलंच नाही.
केळ्याला बी नसतं.

मादामनी बासष्टवाल्याचा ओठ काडीनं वर केला.
मागच्या दाढा तपकिरी.
वहीत त्यांनी नवा रकाना आखला.
पट्टी नव्हती, वाकडा आला.

वरच्या वळणावर आता माझा भाचा त्सिरी उभा असतो.
त्याच्या खिशात काय आहे
ते मला वासावरून कळतं.
त्याच्या बायकोला सातवा महिना.
मी हाक मारली, त्यानं वळून पाहिलं.
पुढं काय बोलायचं ते सुचेना,
म्हणून किती वाजले ते विचारलं.

जिथं धरला त्याच फांदीवर सोडायचा, असा नियम आहे.
पिशवीचं तोंड उघडलं.
तो बाहेर आला, पण पळाला नाही.
माझ्या अंगठ्याशी आला,
चाटून बघितला.
थांबला. परत एकदा चाटला.

केळं हातात धरून मला तीन वर्षं झाली.