करंट गेल्यावर

करंट गेला की वडगावची अख्खी गल्ली शिव्या घालते.
धोटा मधेच अडकतो ताण्यात,
निलव्वा दारात येऊन हेस्कॉमच्या सात पिढ्या काढते.
मी कांड्यांची टोपली बाजूला सारते
आणि जिन्याखालचा डबा ओढते पुढं.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत कुणाच्या तरी बंद रेडिओतून सोडवलेला गँग,
दोन ट्रान्झिस्टर, आणि मी गुंडाळलेली कॉइल.
ती मात्र नीट बघून घ्या.
बत्तीस वर्षं रेशीम भरलंय कांडीवर,
फेऱ्यावर फेरा चढू दिला नाही.
तांब्याची तार रेशमाहून हट्टी,
एकदा मुरडली की मुरड विसरत नाही.
एकोणीस फेरे, मग तीन उलट्या अंगाचे.
ते तीन चुकले तर डबा मुका.
चुकलेच. आठ दिवस मुका होता.
इराप्पा बागींनी टोकं बदलून दिली, न बोलता,
सुनेच्या आमटीत कुणी गुपचूप मीठ टाकावं तसं.

इराप्पा पलटणीत सिग्नलला होते.
त्यांची कानडी, माझं मराठी,
मधे बारा मागांचा खडखडाट.
म्हणून ते बोलायचे नाहीत, ठोकायचे,
धोट्याच्या टोकानं, मागाच्या लाकडावर.
एक लांब, दोन आखूड. एक आखूड, एक लांब.
सगळी अक्षरं यायला
एक श्रावण आणि अर्धा भाद्रपद लागला.
नवरा म्हणाला, भांडी काय वाजवालीस?

मोठी स्टेशनं कुणालाही सापडतात.
मला बारीक लागतं.
खुंटी फिरवत जायचं, शीळ उठते त्या काठापर्यंत.
दूध वर आलेलं असतं पण सांडलेलं नसतं,
तिथं बोट थांबवायचं.
तिथं डब्याला सगळ्यात लांबचं ऐकू येतं.

एरियल माझ्या गच्चीवरून निलव्वाच्या नारळाला.
तिला सांगितलंय, त्याच्यावर कपडे नको.
घालतेच.
ओला परकर असला की स्टेशनं जराशी सरकतात.
वहीत तसं लिहिते: सात चाळीस, परकर.
वही पुढून सुताच्या हिशेबाची, मागून स्टेशनांची.
वर्षातून एखादं कार्ड पाठवते कुणाला तरी,
तुमचा आवाज इथवर आला म्हणून.
पत्त्यात गाव लिहिते, पिन लिहिते,
राज्याची जागा कोरी सोडते.
उत्तर येतं तेव्हा पोस्टमननं ती भरलेली असते,
कधी हे, कधी ते, त्याच्या मूडवर.

गेल्या दिवाळीपासून इराप्पांना शीळ ऐकू येत नाही.
आधी वाटलं हेडफोन गेला.
नवे सेल घातले.
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं.
मला येत होतं की स्पष्ट,
सुपातला खडा लागावा तसं.
त्यांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला
आणि तळहात उघडून पुढं केला.

आता करंट गेला की ते काठी टेकत येतात.
मी ऐकते, त्यांच्या तळव्यावर बोटानं ठोकते.
स्टेशन बुडालं की बोट थांबतं.
"तडी," म्हणतात ते. थांब.
मला नव्हे. त्या स्टेशनाला.

काल एक आलं, कुठून कोण जाणे.
प्रत्येक ठोक्याला सूर घसरत होता,
म्हणजे त्याचाही डबा घरचाच.
तीन अक्षरं मिळाली. चौथ्याला नुसती खरखर.
मी बोट उचलून धरलं होतं.
"बंतु," म्हणाले इराप्पा. आलं.
डोळे मिटलेले.
आणि माझ्या मनगटावर त्यांनीच ठोकलं ते,
लांब, लांब, आखूड.

तेवढ्यात करंट आला. बारा माग एकदम सुटले.

वहीत तीन अक्षरं लिहिली शाईनं,
चौथं पेन्सिलीनं.
समोर वेळ. खाली: परकर नव्हता.
कांड्या भरायच्या राहिल्यात अजून चाळीस.