प्रश्न क्रमांक चौदा

तिसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात एक तास आहे
ज्याला खोली नेमलेली नाही.
‘राज्य आणि समाज : क्षेत्रअभ्यास.’
कधी राज्यशास्त्राच्या वर्गात,
तिथे परीक्षा असेल तर ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात,
आणि गेल्या मंगळवारी दिवाळ्याच्या जेट्टीवर
टोपल्या उलट्या घालून आम्ही बसलो.

चौघे.
सीवूड्सची ओवी करंदीकर, क्लिपबोर्ड तिच्याकडे.
तुर्भे स्टोअरचा सरफराज, मोबाइल धरून, आवाज टिपायला.
ऐरोलीचा निर्भय मुद्दे काढतो.
आणि मी, हर्षला मढवी, घणसोली गाव.
मला बोली कळते म्हणून आणलेली.

आपल्या घरात महत्त्वाचे निर्णय कोण घेते?
अ) पती ब) पत्नी क) दोघे मिळून ड) इतर.

चांगुणाआत जाळं सांधत होती.
दातात धरलेला दोरा न सोडता म्हणाली,
‘भरती ठरवतं गो.
कदी उठाचं, कदी रांधाचं,
पोरीचं लगीन कंच्या हप्त्यान.
मंग नवऱ्याला इचारतंव.’

ओवीची पेन्सिल ‘ड’वर टेकली
आणि तिथेच राहिली.

कॉलेजात ठोसर सर म्हणाले, ही सत्ताच आहे,
फक्त तिला खुर्ची नाही.
रेगे मॅडमना यात कुटुंबसंस्था दिसली,
अर्थशास्त्रवाल्यांना हंगामी उत्पन्न.
भूगोलाकडे न्या, असंही कुणी सुचवलं,
पण भूगोल आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच बंद झाला.

मला आमचं मिठागर आठवलं.
म्हणजे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलंच.
त्याचा नकाशा एका कचेरीत, दावा दुसरीत,
साडेबारा टक्क्यांची फाइल माळ्यावर, चादरीत गुंडाळून.
बाबा दर दिवाळीला ती झटकतात.
आजोबा शेवटची सहा वर्षं
जेवताना वरून मीठ घेत नसत.
हे कुठल्या विषयात लिहायचं
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

फॉर्म संपला. ओवीने आभार मानले, मी भाषांतर केलं,
त्याची गरज नव्हती.
तेव्हा आतने जाळं खाली ठेवलं.
‘आता माजा एक प्रश्न.
तुमच्या चौगांन कोन ठरवतं?’

निर्भय हसला. मग हसला नाही.
सरफराज खाडीकडे बघत होता
किंवा पुलाकडे, तिकडे बघायला दोन्ही आहे.
माझ्या तोंडात उत्तराचं शुद्ध मराठी तयार होतं
आणि तिने विचारलं होतं माझ्या भाषेत.

रात्री रेकॉर्डिंग उतरवून घेतलं.
सत्तेचाळीस मिनिटं.
निर्भय एकोणीस, ओवी अकरा,
आत बारा, त्यात चार वेळा मध्येच तोडलेली.
सरफराज तीन, बहुतेक ‘आवाज येतोय का’.
उरलेली दोन माझी, दोन्ही दुसऱ्यांची वाक्यं.
हे मी कोष्टक करून अहवालात घातलं,
परिशिष्ट म्हणून,
शेवटच्या पानावर, जिथे माझं नाव होतं:
‘भाषा साहाय्य’.

पुढची भेट शुक्रवारी.
ओवीने गटाच्या वहीत लिहिलं होतं, दुपारी तीन, सर्वांनी वेळेवर.
मी ते खोडलं, विचारलं नाही कुणाला,
आणि वर लिहिलं:
ओहोटी लागल्यावर.

सरफराजने विचारलं, म्हणजे किती वाजता?
म्हटलं, बघून सांगते.