खिळा नसलेलं घर

कुरितिबाहून मुलगी आली आहे, हातात टेप,
गळ्यात कॅमेरा, पायात शहरी बूट.
विचारते, हे घर कुठल्या सालचं?
मी म्हणते, आधी ते बूट काढ,
दारामागचे माझे रबरी घाल,
रात्री अंगणात डुकरं सुटली होती.

साल मला ठाऊक नाही.
ठाऊक आहे ते एवढंच, की पणजोबा तेओफिलनी
गावाकडच्या सवयीने एप्रिलात बटाटे लावले
आणि जूनमध्ये दव गोठलं,
सगळा पाला एका रात्रीत काळा.
पणजी लुद्विका म्हणाली म्हणे,
इथे वर्षच उलटं टांगलंय, वटवाघळासारखं.

हां, मोज. भिंत मोज.
अराउकारियाचे ओंडके, कुऱ्हाडीने तासलेले,
कोपऱ्यात एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे.
खिळा एकही नाही.
खिळे महाग होते, झाडं फुकट.
तू याला वारसा लिही,
आमच्याकडे याला नाइलाज म्हणत.

नदीने काठ खाल्ला तेव्हा घर सोडवून
बैलगाडीने वर आणलं.
ओंडक्यांवर आकडे कोरले होते, बघ, अजून दिसतात.
सातव्यावर आठ कोरलाय.
कोण चुकलं, यावर दोन भाऊ मरेपर्यंत बोलले नाहीत.
त्या फटीतून वारा येतो,
चार पिढ्या आम्ही तिथे चिंध्या कोंबतोय.
तुझ्या कागदावर चिंध्यांसाठी रकाना आहे का?

चॅपेल उद्या दाखवते, किल्ली पुतण्याकडे आहे
आणि पुतण्या ट्रॅक्टरच्या हप्त्यापायी बँकेत.
घंटा बघण्यासारखी आहे, ऐकण्यासारखी नाही.
माते विकून घेतली, घाटात खेचरावरून पडली,
तेव्हापासून तव्यावर उलथनं आपटावं तशी वाजते.
पण लग्न असो की मयत,
दुसऱ्या कुठल्या घंटेवर आमचा विश्वास बसत नाही.

तो गोठा ना? ती शाळा.
अडतीस साली फौजदार आला,
म्हणाला, परकी भाषा बंद.
त्याने पेट्या उघडल्या, गाद्या उसवल्या,
पिठात हात घालून पाहिलं.
आईने अंकलिपी मधमाश्यांच्या पेटीत ठेवली होती.
तिथे मात्र त्याने हात घातला नाही.
पुस्तक वाचलं, पण मेणाने दोन पानं
अशी चिकटली की सोडवता आली नाहीत.
त्यामुळे आमच्या भाषेतली तीन अक्षरं
मी कधी शिकलेच नाही.
त्यांच्याशिवायच प्रार्थना करते.
अजून तरी कुणी परत पाठवली नाही.

वरच्या फळीवरचं ताट?
निळ्या काठाचं, टवका उडालेलं?
ते कुणाचंच नाही.
नाताळच्या आदल्या रात्री मांडतो,
टेबलाच्या कापडाखाली गवत पसरून,
बाहेर अंगाची लाही होत असताना
बर्फाची गाणी म्हणत.
न बोलावता येईल त्याच्यासाठी एक ताट जास्त.
आला एकदाच. सीरियाचा फेरीवाला, बटणं विकणारा.
बीटचं सूप दोनदा मागून घेतलं,
कुठल्या देवाचं आहे, विचारलं नाही,
आणि सकाळी बारा बटणं ठेवून गेला.
त्यातली चार बाबांच्या शेवटच्या कोटाला लावली.
उरलेली आहेत डब्यात. नाही, देणार नाही.

आता फॉर्म. नाव, आडनाव.
आडनाव प्शिबिश.
त्याचा अर्थ नवा आलेला, आगंतुक.
बंदरावरच्या कारकुनाने ऐकलं आणि लिहिलं प्रिबिस.
अर्थ तिथेच पाण्यात पडला,
आणि सव्वाशे वर्षं आम्ही
काहीच अर्थ नसलेल्या नावाने कर भरतोय.

मुलगी पेन थांबवते.
मग कसं लिहू, विचारते. मूळचं की इथलं?

चहा उतू चाललाय.
मी आतूनच ओरडते,
तुला ऐकू येईल तसं लिही, पोरी.
आणि ती टेप तेवढी फटीतून काढ,
वारा आत यायचा थांबलाय,
मला करमेनासं झालं.