वस्तीला

आमच्या देवळाच्या छताला साठ रंगीत फळ्या:
हरीण, डाळिंब, शेपटीला गाठ मारलेला साप.
एकसष्टावी कोरीच.
रंगाऱ्याची बोटं गारठली, म्हणतात काही,
काही म्हणतात, गावानं पैसे थकवले.
नाताळला पोरं माना मोडून वर बघतात
आणि विचारतात, तिथे येशू असणार होता का?

बोरोकाबाई, आमच्या पाळक, सरळ उत्तर देत नाहीत.
प्रवचनात म्हणाल्या,
आभाळातून शिडी उतरली असं मला म्हणवत नाही.
शब्दाला अंग फुटलं, तो आपल्यात वस्तीला आला,
एवढं म्हणवतं.
पण एकदाच, एकाच गोठ्यात, एकाच आईला,
हे ज्यानं ठरवलं
त्यानं कुणाचं बाळंतपण काढलेलं नसावं.
मागच्या बाकावरचे म्हातारे खोकले.
मी घंटेच्या दोरीशी उभी होते. हसले.

त्याच आठवड्यात दोमोकोशनं अंथरूण धरलं.
सून जर्मनीत, मुलगा सुनेच्या मागे.
हा तोच दोमोकोश,
ज्यानं एकोणसाठ साली माझ्या बापाचं नाव
चिठ्ठीवर लिहून चौकीत दिलं.
बाप चार वर्षांनी परतला, दात नसलेला,
आणि मरेपर्यंत कुणाच्या घरी
पाण्याचा घोट घेतला नाही त्यानं.

मी का गेले?
प्रवचनामुळे नाही, उगाच काही चिकटवू नका.
तीन रात्री त्याच्या खिडकीत दिवा नव्हता
आणि बाहेर उणे अठरा.

शेगडी पेटवली. पाणी तापवलं.
पाठ पुसली, मांड्या पुसल्या,
जिथे नजर टाकू नये तिथेही पुसलं.
देव देहात येतो म्हणतात.
देहात काय काय असतं, ते मात्र
वेदीवरून कुणी सांगत नाही:
आंबलेला वास, टाचांच्या भेगा,
बेंबीत अडकलेला लोकरीचा मळ.

तो म्हणाला, तुला माहीत आहे ना, मीच तेव्हा...
मी म्हटलं, पाणी गार होतंय. दुसरा पाय.

क्षमा केली नाही.
नखं कापली.

अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब,
माझ्या बापाचंही तसंच होतं.
होमोरोदच्या खोऱ्यात निम्म्यांचं असतं तसं,
त्यात काही नाही.
तरी ते बोट मी जरा जास्त वेळ धरलं,
फडक्यात, कोरडं झाल्यावरही.

उजेड वगैरे काही पडला नाही.
घाण पाणी अंगणात फेकलं,
बर्फातून वाफ उठली, लगेच विरली.
तो म्हणाला, बस जरा.
बसले. मग खुर्चीतच डोळा लागला.

त्या रात्री मी तिथेच वस्तीला राहिले.
कोण कुणात राहिलं
त्याचा हिशेब बोरोकाबाईंनी मांडावा,
त्या शिकलेल्या आहेत.

सकाळची घंटा वीस मिनिटं उशिरा झाली.
गाव अजून बोलतं त्यावर.