राहिलेले सातशे

खानापूरच्या स्टेशन रोडला माझं दुकान.
बोर्ड रंगवतो. वर कन्नड, खाली मराठी.
अक्षर मोठं कुठलं, यावरून दोनदा
डांबर खाल्लंय माझ्या पत्र्यांनी.

मंगळवारी कमिटीचे चौघं आले.
देवळाच्या भिंतीला लावायचंय, दोन्हीत लिहा.
नाव नको. नुसतं 'ते घर'.
पाणी नाही, दळण नाही, हाक नाही.
वर कुठली भाषा, हे पहिल्यांदाच
कुणी विचारलं नाही.
बहिष्कार हा शब्द तिकडंही तोच, इकडंही तोच,
नुसती वळणं वेगळी.
मी लिहिला.
चांगला लिहिला, हे जास्त वाईट.
सवयीनं शेडिंगसुद्धा दिलं.

कोपऱ्यात सिद्रायचा पत्रा, भिंतीकडे तोंड करून.
पाचशे ॲडव्हान्स देऊन गेलं होतं पोरगं:
केशकर्तनालय, अन् खाली एक ओळ वाढवा मामा,
सर्वांचे स्वागत.
मी म्हणालो, जागा नाही.
जागा होती.
मग ती ओळ त्यानंच खडूनं दारावर लिहिली,
आणि त्या रात्री
कात्री धरायची बोटं उंबऱ्यावर ठेवून
एकेक

गंगव्वा सांगताना इथंच थांबते.

शनिवारी ती बेळगावहून आली, सिव्हिलमधून,
हातात रिकामा डबा.
"झाला काय ओ बोर्ड?"
म्हटलं, आता कशाला?
ती पायरीवर बसली. पदराची गाठ सोडून
सातशे मोजले, पुन्हा मोजले.
"तितं त्येला बारा नंबर म्हणत्यात.
गावात ते घर.
नाव लिवा त्येचं. लांबनं दिसाय पायजे."

दुसरा तांबडा नव्हता,
भिंतीवाल्या डब्यातलाच उरलेला घेतला.
खडूची दोरी ताणली, सोडली, वाकडी पडली.
तीस वर्षांत सिद्रायसारखं नाव
हजारदा काढलं असेल,
पण त्या वेलांटीला तीनदा पुसलं रॉकेलनं.
सिद्राय गंगव्वा मेत्री.
बापाचं नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
शेवटची ओळ आली तेव्हा हात थांबला:
स्वागतही दोन्हीकडे तेच.

वाळायला चार तास लागतील, म्हटलं.
तिनं चुंबळ केली,
पत्रा आडवा डोक्यावर, ओली अक्षरं आभाळाकडे,
बसवाला घेईना म्हणून चालत,
देवळावरूनच रस्ता.

सातशे गल्ल्यात आहेत, वेगळे, रबर लावून.
बाजारात भेटतात गावचे लोक,
पेंटर, अक्षर सुबक आहे म्हणतात.
कुठलं, ते मी विचारत नाही.