चाळीस मिनिटं

नाला आज जांभळा आलाय.
म्हणजे वडगावात कुणाच्या तरी मागावर
लग्नातल्या साड्या चढल्यात.
परवा हिरवा होता.
त्याच्या आदल्या दिवशी नुसता फेस.
मी गाव असं वाचते, उलट्या बाजूनं,
जाळीत अडकलेल्या चिंध्यांवरून,
कुंद्याच्या कढया घासल्याच्या तुपकट सायीवरून.
कुणाकडं काय शिजलं
ते शेजारणीच्या आधी मला कळतं.

सिदराय विचारतो, अक्का, वास लागत नाही तुला?
लागतो की.
पहिले सहा महिने डबा खिडकीबाहेर धरून जेवले.
आता घरी अंगाला लावलेली पावडरच परकी वाटते.

मोठ्या टाकीत जीव आहेत.
काचेखाली थेंब धरला की दिसतात,
देठावर डोलणाऱ्या घंटा,
खालून चिकटलेल्या, वरून तोंड उघडं.
गावाची घाण खातात.
मागणं एकच, हवा. दिवसरात्र हवा.
रजासुद्धा नाही.
लोक म्हणतात लेकरांगत जपतेस.
लेकरं कसली, पाळीवरची माणसं ती. माझ्याहून जुनी.

श्रावणातल्या एका रात्री लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
टाकीवरचे बुडबुडे मिटत गेले,
कडेकडेनं आधी, मग मधले.
मी इतकी शांतता तिथं कधी ऐकली नव्हती.
पाणी चढत होतं.
फोनवर कंग्राळकर साहेब, अर्धे झोपेत:
बायपास उघडा. दुसरं काय करणार?

चाक जड होतं. दोघांनी मिळून फिरवलं.
चाळीस मिनिटं
गाव जसं होतं तसं,
न चाळता, न निवता,
आमच्या हातांखालून गेलं.

वहीत रकाना आहे, कानडीत:
किती सोडलं, कुठं सोडलं.
मी शून्य लिहिलं.
कानडीतलं शून्य नि मराठीतलं शून्य
सारखंच गोल असतंय.

तेव्हापासून त्या पाण्यामागं डोकं चालत राहतं.
आता मार्कंडेयात असेल. आता घटप्रभेत.
बागलकोटच्या पुढं कृष्णा, मग आलमट्टीची भिंत.
तिथून पुढची गावं
नकाशावर बोट ठेवूनच वाचावी लागतात.
शेवटी बोट निळ्यात जातं.

मी समुद्र पाहिलेला नाही.
तो इकडं बर्फातून येतो,
दुल्सिनच्या पाटीत, कारवारचा बांगडा होऊन,
डोळे सताड उघडे.
पण तो या बाजूचा समुद्र.
आपण आपलं धाडतो त्या दुसऱ्याला,
ज्याचा मासा आपल्या ताटात येत नाही,
ज्याचं नाव इथं कुणी काढत नाही.
तिकडं खाडीच्या चिखलात, गुडघाभर,
कुणी बाई खेकडी धरत असेल.
तिची भाषा मला येत नाही.
शून्य तिच्याकडंही गोलच असणार.

काल जुनी वही काढली.
शून्य खोडलं नाही.
त्याच्या शेजारी लिहिलं, चाळीस मिनिटं,
आणि सही केली.
सिदराय काही बोलला नाही.
हात पँटीला पुसून
त्यानं खाली आपलं नाव काढलं, सावकाश,
अक्षर अक्षर जुळवत.

तेवढ्यात जाळी तुंबली. उठलो.

नाला आता फिका पडतोय.
रंगारी जेवायला बसला असावा.